फरीदेबाईंचा पहिला नकार

फरीदेबाई दोन दिवस खोकताहेत आणि मला त्यांच्या दारापर्यंतही जाता येत नाही. इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्न गावात, त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, त्यामुळे खोकला भिंतीतून ऐकू येतो. आम्ही चौघंही कोविड पॉझिटिव्ह, घरातच अडकलेले.

त्या मूळच्या इराणमधल्या यझ्दच्या, सत्तरीच्या. तीस वर्षं इथल्या लोकांचे पडदे शिवले. नवरा गेल्यापासून एकट्याच असतात. २०१९ साली आम्ही इराणला निघालो, तेव्हा तिथल्या तणावाच्या बातम्या बघून मी जावं की नको म्हणत होते. "माझी बहीण आहे ना तिथे!" म्हणत त्यांनी आम्हाला तिच्याकडे धाडलं. बहिणीने चार दिवस हॉटेलचं नाव काढू दिलं नाही. केशरी भाताला मी "नको" म्हटलं, तरी ती वाढतच राहिली.

"पहिलं नको रीतीचं असतं," तिची मुलगी हसून म्हणाली. "दुसरंही. तिसरं खरं."

काल मी फरीदेबाईंना फोनवर विचारलं, "डॉक्टरांना कळवू का? मैत्रिणीला दाराशी सूप ठेवायला सांगू?"

"नको गं लतिका-जान, तू मुलांना सांभाळ."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आज खोकला वाढलाय. "शी सेड नो, आई," ईशान म्हणतो. "अजून काय करणार तू?"

पण मी एकदाच विचारलं होतं. आता पुन्हा फोन करते. नको म्हणाल्या, तर त्याच फोनवर तिसऱ्यांदा विचारते.