नसलेलं वॉरंट

जव्हार संस्थानाच्या चाकरीत फागू भोये अकरा वर्षं नुसता उभा होता. कचेरीच्या दाराशी उभा, दसऱ्याच्या मिरवणुकीत उभा, मोठ्या साहेबांची मोटार चिखलात रुतली की ती निघेपर्यंत शेजारी उभा. घर जामसरला, घरी थोडं भात आणि नागली, शाळा चौथीपर्यंत. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं तेव्हा ठाण्याहून एक अधिकारी आला आणि त्याने सगळ्या शिपायांना रांगेत लावून त्यांची उंची मोजली. फागू अर्धा इंच कमी भरला.

"इथल्या लोकांची बोली येते?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तीच येते," फागू म्हणाला.

अधिकाऱ्याने वहीत अर्धा इंच वाढवला आणि फागू मुंबई राज्याचा पोलीस झाला. नवी टोपी, नवा बक्कल नंबर. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर संस्थानचा एक जुना जकात नाका होता. आता जकात कोणाची घ्यायची हा प्रश्न मिटला होता, म्हणून त्या खोलीची पोलीस चौकी झाली. तिथे एक हवालदार आणि फागू. हवालदार समुद्राकाठचा. डोंगरातली माणसं काय बोलतात हे त्याला कळत नसे आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. तो आत टेबलाशी बसे, फागू बाहेर बाकावर.

पहिल्याच वर्षी जव्हारच्या फौजदारांनी पाड्यापाड्यांतून दवंडी पिटवली, की नवं राज्य आलेलं आहे, पोलीस हा लोकांचा चाकर आहे, ज्याला जी शंका असेल ती त्याने चौकीवर येऊन विचारावी. तीन महिने चौकीवर कोणी फिरकलं नाही. मग पुंजा नावाचा एक म्हातारा आला, लांबच उभा राहिला आणि म्हणाला, "शंका इचारली तं मारत नाय, हे खरं का?"

"खरं," फागू म्हणाला.

म्हातारा "बरं" म्हणून आल्या वाटेने परत गेला. त्याची शंका तेवढीच होती.

हळूहळू लोक यायला लागले. वेठीला अजून जावं लागतं का? नाही. तारपा वाजवायला परवानगी लागते का? नाही. दारूबंदी आली तेव्हा सुकरी नावाची बाई टोपलीभर मोहाची फुलं घेऊनच आली आणि म्हणाली, ही फुलं हायेत का दारू, तुम्हीच सांगा. फागूने टोपली आत नेली. हवालदाराने वास घेतला, कायद्याचं पुस्तक चाळलं, आणि फुलं म्हणजे फुलंच असा निर्णय दिला. पण पुढे त्यांचं काय होतं यावर आपलं लक्ष राहील, असंही सांगायला लावलं. एकाला विचारायचं होतं, की बायको माहेरी जाऊन बसली तर पोलीस आणून देतात का. फागूने सांगितलं, पोलीस देत नाहीत, तूच जा, आणि जाताना हात हलवत जाऊ नकोस.

जे येत नसेल त्याला फागू "इचारून सांगतो" म्हणे, आणि खरंच विचारी. महिन्यातून एकदा टपाल घेऊन तो जव्हारच्या ठाण्यात चालत जाई, साचलेले प्रश्न फौजदारांना घाली आणि उत्तरं घेऊन येई. मग ज्याचा प्रश्न त्याच्या पाड्यावर जाऊन त्याला उत्तर देई. कित्येकदा तो माणूस प्रश्न विसरून गेलेला असे. तरी फागू उत्तर देऊनच परते.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात चैती यायला लागली. पोशेऱ्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत तिचा पाडा होता. वय तिशीचं, बोलणं मोजकं. बाजाराचा दिवस साधून ती चौकीसमोर थांबली आणि म्हणाली, "दादा, बोकड हरवला तं किती दिसांनी सांगावं लागतं?"

"कधीही सांग. आज हरवला का?"

"लई दिस झालं," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या बाजाराला ती परत आली. बोकड एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेला, तर इथले पोलीस तिथे जातात का? फागू म्हणाला, बोकडासाठी सहसा नाही जात. त्याच्या पुढच्या बाजाराला तिने विचारलं, की संस्थान होतं तेव्हाचा गुन्हा नव्या राज्यात चालतो का.

"कोणी केला?"

"बोकडाने."

फागूने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आत हवालदार जेवत होता.

"बाई, बोकड किती उंच हाय?"

चैतीने थोडा विचार केला आणि हात आपल्या डोक्याच्या वीतभर वर धरला.

"नाव काय त्याचं?"

चैतीने आत हवालदाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "लाडक्या."

"बापाचं नाव?"

"ढवळू."

फागूने काहीच लिहून घेतलं नाही. तिला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि तिने सगळं सांगितलं. संस्थान जायच्या आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याने, लाडक्याने, घराला आधाराची मेढ हवी म्हणून जंगलातला एक साग तोडला. आठ दिवसांनी जंगल ठेकेदाराचा मुकादम दारात आला. म्हणाला, तुझ्या नावाचं वॉरंट निघालंय, शिपाई निघालेत, आता बेडी. पण माझ्याबरोबर सुरगाण्यापलीकडे झाडतोडीच्या कुपावर चल, तिथे कोणी येत नाही. लाडक्या त्याच रात्री गेला. तेव्हापासून सहा वर्षं तो पोटावारी मुकादमाची झाडं तोडत होता. वर्षातून एकदा, आवणीच्या दिवसांत, रस्ते चिखलाने बंद झाले की घरी येई. भात लावी आणि जाई. नवं राज्य आल्यावर त्याने मुकादमाला विचारलं होतं. मुकादम म्हणाला, राज्य बदलतं, वॉरंट बदलत नाही.

"वॉरंट कोणी बघितलं?" फागूने विचारलं.

"बघायचं कसं? बघायला जावं तं धरतील."

या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. आपल्या नावाचं वॉरंट आहे का, हा प्रश्न आजवर फागूला कोणीच विचारला नव्हता, आणि का विचारला नव्हता ते त्याला आता कळलं. त्याला दुसरीही एक गोष्ट आठवली, पण ती त्याने चैतीला सांगितली नाही. तो नुसता म्हणाला, "इचारून सांगतो."

जव्हारच्या ठाण्यात वॉरंटांचं रजिस्टर होतं. त्यात लाडक्या ढवळू नव्हता. पण ते रजिस्टर विलीनीकरणानंतरचं. संस्थानचे जुने कागद रुमालांत बांधून कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवले होते, आणि त्यांवर एक कारकून होता.

"कोणता कागद पाहिजे? तारीख? नंबर?" कारकुनाने विचारलं.

"कागद नसंल," फागू म्हणाला. "तो नाय, हे बघायचंय."

"नसलेला कागद दाखवायची पद्धत नाही."

"मग असलेले सगळे दाखवा. त्यात नसला म्हणजे झालं."

कारकुनाने चष्मा पुसला. त्याच्या नोकरीत असा अर्ज आला नव्हता, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे त्याला सुचलं नाही. फागूने चार दिवसांची रजा काढली आणि खोलीत बसून एकेक रुमाल सोडला. त्याला मोडी येत नव्हती. मोडीतले कागद कारकून वाचून दाखवी. पहिल्या दिवशी कुरकुरत, तिसऱ्या दिवशी चवीने. जंगलाचे गुन्हे निघाले, गुरांचे निघाले, कोणी कोणाच्या कानशिलात मारल्याचे निघाले. पोशेऱ्याकडचा लाडक्या एकच निघाला, आणि तो एकोणीसशे बारा साली साप चावून मेलेला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा रुमाल बांधून कारकून म्हणाला, "नाही." त्याचा आवाज थोडा हिरमुसलेला होता.

फागू फौजदारांकडे गेला. "साहेब, वॉरंट नाही असा एक कागद द्या."

"काही नाही याचा दाखला आपण देत नसतो, भोये. एकाला दिला तर उद्या सगळा तालुका येईल."

"येऊ द्या ना, साहेब."

फौजदारांनी त्याच्याकडे बघितलं. "तोंडी सांगा," ते म्हणाले.

फागूने चैतीला तोंडी सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कागद हाय का?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "तो ऐकायचा नाय, दादा."

न बघितलेल्या कागदाच्या भीतीने सहा वर्षं पळालेल्या माणसाला आता कागद हवा होता. फागूला राग आला, पण नेमका कोणावर करायचा ते ठरेना. आवणीला पोराबाळांसकट सगळे खाचरात असतात, लाडक्याही येईल, तेव्हा मीच येतो, असं तो म्हणाला.

गणवेश घालून गेलं तर लाडक्या पळणार. न घालता गेलं तर हा पोलीस कशावरून म्हणून विचारणार. फागूने विचार केला आणि गणवेश घालून गेला. खाचराच्या बांधावर त्याची टोपी दिसल्याबरोबर एक माणूस हातातली रोपांची मूठ टाकून वरच्या रानात पळाला. फागू त्याच्या मागे गेला नाही. त्याने जोडे काढले, चड्डी वर सारली, टोपी बांधावर ठेवून तिच्यावर चैतीचं इरलं झाकलं, आणि पडलेली मूठ उचलून चैतीच्या ओळीत रोपं लावायला लागला.

पावसाची झड येत होती, जात होती. वर रानात पानांआड कोणीतरी बसलेलं होतं. फागू वर बघत नव्हता. दुपार टळली. जामसरच्या घरचं भात कित्येक वर्षं त्याचा भाऊच लावत असे. फागूची कंबर मोडून आली आणि ओळ वाकडी जायला लागली. शेवटी वरून आवाज आला.

"शिपाईदादा, एवढं खोल नको खुपसू! कुजंल ते!"

"मग तू दाखव कसं लावायचं," फागू खालूनच म्हणाला.

आणखी थोडा वेळ गेला. मग लाडक्या खाली उतरला. हडकुळा, दाढी वाढलेली, हाताला कुऱ्हाडीचे घट्टे. फागूपासून दोन हातांवर वाकून त्याने त्याची रोपं उपटली आणि परत लावली. दोघे बरोबर पुढे सरकू लागले.

"वॉरंट नाय," फागू म्हणाला. "चार दिस बसून बघितलं. कधी निघालंच नव्हतं."

लाडक्याचे हात थांबले नाहीत. "मग मुकादम बोलला ते?"

"खोटं."

"सहा वर्षं खोटं?"

"दोनदाच बोलला तो. पुढचं तुझं तूच चालवलंस."

लाडक्या ओळीच्या टोकाला पोचला, वळला. फागूने आता ती दुसरी गोष्ट सांगितली. "मी पण बोललोय असं. संस्थानात होतो तेव्हा. एका पाड्यावर गेलो, म्हटलं, तुझ्या नावाचं वॉरंट हाय. नव्हतं. त्याने कोंबडा दिला."

पाऊस पुन्हा आला. चैतीने मान वर केली नाही.

"केवढा होता?" लाडक्याने विचारलं.

"मोठा होता."

"तो माणूस हाय का अजून?"

"ठाऊक नाय. परत गेलो नाय मी तिकडं."

लाडक्याने बांधावरची नवी मूठ उचलली, मधोमध सोडवून अर्धी फागूच्या हातात दिली. अंधार पडायच्या आत ते खाचर पुरं झालं. त्या साली लाडक्या कुपावर परत गेला नाही.

पण त्याचा विश्वास पुरता बसला असं नाही. पुढच्या बाजाराला तो स्वतः चौकीवर आला आणि दारातून म्हणाला, "लाडक्या ढवळू. वॉरंट हाय का?" हवालदाराने जव्हारहून आलेली यादी बघितली आणि नाही म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या बाजाराला लाडक्याने पुन्हा विचारलं. दर बाजाराला विचारू लागला. हवालदार वैतागून म्हणाला, "अरे, निघालं तर आम्हीच येऊ तुझ्याकडे!" हे ऐकून लाडक्या महिनाभर घराबाहेर पडला नाही. फागूला पाड्यावर जाऊन त्याची समजूत घालावी लागली.

त्याचं बघून दुसरे यायला लागले. आधी बायका, बोकड, कोयती, घोंगडी हरवल्याचं सांगत. आता फागू आधी उंचीच विचारी. मग पुरुष आले. दिवाळीपर्यंत चौदा माणसं कुपावरून उतरून घरी आली. त्यातल्या एकाच्या नावाचं वॉरंट खरंच निघालं. त्याने शेजाऱ्याचा बैल विकला होता. फागूने त्याला जव्हारला नेलं, वाटेत भाकर दिली, आणि कोर्टात काय विचारतील ते सगळं सांगून ठेवलं.

दिवाळीनंतर मुकादम चौकीवर आला. डोक्याला लाल फेटा, पायात नवे जोडे. माझी माणसं पळाली, तक्रार घ्या, म्हणाला. हवालदाराने दौत पुढे ओढली.

"काय चोरून नेलं?"

"काय नाय."

"कोणाला मारलं?"

"नाय."

"मग लिहू काय?"

मुकादम बाहेर आला, बाकाशी थांबला, इकडे तिकडे बघून खाली वाकला आणि फागूला हळूच म्हणाला, "माझ्या नावाचं काय निघालंय का?"

फागूने आत जाऊन यादी आणली आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली.

"आज तरी नाय," तो म्हणाला.

मुकादम त्या बाजूला पुन्हा माणसं न्यायला आला नाही.

फौजदारांनी त्या वर्षी फागूच्या सेवापुस्तकात शेरा लिहिला: स्थानिक बोली अवगत, अक्षर सुधारणे आवश्यक. सत्तावन्न साली त्याची मोखाड्याला बदली झाली. पेटी डोक्यावर घेऊन तो निघाला तेव्हा वाटेवर चैती नागलीच्या पिठाचं गाठोडं घेऊन उभी होती. तिने ते पेटीवर नीट बसवलं.

"तिकडं आमच्यासारखीच माणसं हायेत का?" तिने विचारलं.

"तशीच असतील."

"मग जा," चैती म्हणाली, आणि खाचराकडे वळली.