मोहाच्या झाडावरचे ढग

त्या रविवारी फळ्यावर टाचलेला शेवटचा फोटो मास्तरांचा होता.

फॅक्टरीच्या वसाहतीतल्या शाळेत, एका वर्गात, आमचा फोटोचा क्लब भरायचा. महिन्यातून एकदा दहा-पंधरा जण आपापले प्रिंट घेऊन येत आणि कोणीतरी एकाने उठून एकेका फोटोतलं बरंवाईट सांगायचं. बांगलादेशच्या लढाईचं ते वर्ष. लढाई अजून सुरू झाली नव्हती, पण फॅक्टरी दोन-दोन पाळ्या जोडून चालत होती आणि ब्लॅकआउटच्या तालमीसाठी शाळेच्या काचांना काळा कागद चिकटवलेला होता. भर सकाळी आम्ही ट्यूबलाइट लावून बसलो होतो. बोलायची पाळी माझी होती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला फोटोतलं फार कळतं अशी माझी खात्री होती.

जे काही कळत होतं ते मास्तरांनीच शिकवलेलं होतं. ते शाळामास्तर नव्हते. आमच्या एक्स-रे विभागात ते सगळ्यांत जुने, नव्या पोरांना काम शिकवायचे, म्हणून मास्तर. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात. तोफेच्या गोळ्यात दारू भरली की दर लॉटमधल्या काही गोळ्यांचे एक्स-रे काढत, आणि त्या फिल्मा दिव्याच्या पेटीवर ठेवून आम्ही वाचायचो. दारूत कुठे पोकळी राहिली असेल तर फिल्मवर बारीक काळपट डाग दिसतो. तो डाग नजरेतून सुटला, तर गोळा शत्रूवर पडण्याऐवजी तोफेच्या नळीतच फुटू शकतो, आणि मरतात ते आपले तोफची. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला एवढंच सांगितलं होतं. मग डार्करूममध्ये नेऊन फिल्म धुवायला शिकवलं, आणि पुढे त्यांच्याच घरच्या कॅमेऱ्यावर फोटो काढायलाही.

फळ्यावरचा फोटो बरगी गावाकडच्या शेताचा होता. काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, भावाचं शेत. समोर नांगरलेली काळी जमीन, तिरप्या जाणाऱ्या सरी, डाव्या अंगाला मोहाचं एक मोठं झाड, लांब एक कौलारू घर. आणि वर आभाळभर ढग. थरावर थर चढलेले, पोटात काळे, कडांना पांढरेशुभ्र. फोटो लावताच लोक वा वा करू लागले. क्लबला आमचे विभागाचे साहेबही आले होते. तेसुद्धा चष्मा सारखा करत पुढे झाले.

मी आधी चांगलं बोललो. सरी नजरेला कशा आत नेतात ते सांगितलं. क्षितिज मधोमध न घेता खाली ठेवलंय, त्यामुळे आभाळाला जागा मिळाली, हे सांगितलं. घर आणखी थोडं उजवीकडे हवं होतं म्हणालो. आणि मग मला ते दिसलं.

"हे ढग इथले नाहीत," मी म्हणालो.

मी खडूने फळ्यावर बाण काढून दाखवू लागलो. झाडाची सावली उजवीकडे पडलीय, म्हणजे सूर्य डावीकडे. ढगांच्या चमकणाऱ्या कडा मात्र उजव्या बाजूला आहेत. एका शेतावर दोन सूर्य उगवत नाहीत. हे ढग दुसऱ्या निगेटिव्हचे, पुठ्ठ्याचा आडोसा धरून वरून छापलेले. पुठ्ठ्याची रेघ इथे क्षितिजावर राहिलीय. आणि हे बघा, मोहाच्या शेंड्यातून ढग आरपार दिसतोय. झाड आहे की काच?

लोक हसले. मलाही हसू आलं. साहेब हसले नाहीत. ते फोटोकडे आणि मग मास्तरांकडे बघत राहिले.

मास्तर शेवटच्या बाकावर होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ढग पावसाळ्यातले होत. त्या दिवशीचं आभाळ कोरं होतं."

परतताना आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत होतो. अर्ध्या वाटेत ते थांबले.

"खरं सांग. मोहातून ढग दिसते?"

"दिसतो ना, मास्तर."

"मी आत्ता फळ्याजवळ जाऊन पाहिलं. मले दिसलं नाही." त्यांनी पिशवीतून फोटो काढून उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब केला. "आजकाल आभाळ सगळं पांढरंच दिसून राहिलं. वाटलं, आपल्या फोटोत तरी ढग असावे."

ते माझ्याकडे बघत होते.

"तुले कारखान्यातही दिसलं असेल."

मला दिसलं होतं. पावसाळ्यापासून दिसत होतं. ते फिल्म पेटीवर ठेवून तिच्यावर फार वाकायचे. एकच फिल्म दोनदा फिरवायचे. कधी सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "तू पाहून घे जरा, माझ्या चष्म्याले घाम आला." मी बघून घ्यायचो आणि गप्प बसायचो. त्यांना कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावत होतो. आणि क्लबमध्ये चार लोकांसमोर मात्र माझी जीभ सुटली होती.

"हो," मी म्हणालो. "दिसलं होतं."

त्यांनी फोटो पिशवीत ठेवला आणि आम्ही चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि मला सोबत घेऊन नेपियर टाउनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काकूंना सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी थेंब घालून बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल, म्हणाले. पण मागची नस सुकत चालली आहे, तिचं काही करता येणार नाही. "काम क्या करते हैं आप?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "सरकारी नौकरी." एवढंच.

बाहेर पायरीवर ते बसले. मला वाटलं ते डोळ्यांबद्दल बोलतील.

"पावसाळ्यापासूनच्या माझ्या फिल्मा पुन्हा पाहाव्या लागतीन," ते म्हणाले.

जुन्या फिल्मा रेकॉर्डच्या खोलीत पाकिटांत लावून ठेवलेल्या असत. पुढचा आठवडाभर आम्ही जेवणाच्या सुट्टीत तिथं बसलो. मी एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरायचो, ते नंबर मोठ्याने वाचायला लावायचे आणि कागद घेऊन बसायचे. बहुतेक फिल्मा स्वच्छ होत्या. तिसऱ्या दिवशी पहिला डाग सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा. पाकिटावर मास्तरांच्या सहीने 'पास' लिहिलेलं.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी नंबर लिहिला. अक्षर मोठं, वाकडं आलं.

आठवडा संपेपर्यंत अशा सात फिल्मा निघाल्या, सात वेगवेगळ्या लॉटमधल्या. कोणत्या लॉटमधल्या, तो माल कुठे गेला, हे रजिस्टरवरून कळत होतं. पाच लॉटचा माल केव्हाच रेल्वेने गेला होता. दोन लॉट अजून गोदामात होते. आणि त्या आठवड्यातच रेडिओवर लढाई सुरू झाल्याचं सांगितलं.

मी त्यांना म्हणालो, "मास्तर, हे राहू द्या. गोदामातले दोन लॉट मी काहीतरी कारण काढून पुन्हा तपासायला लावतो. गेलेल्या मालाचं आता काय होणार? तुमची नोकरी जाईल."

"गेलेला माल चालवून राहिले असतीन ना तिकडे," ते म्हणाले. "त्याहिले कळवलं पाहिजे."

ते कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराशी उभा होतो. साहेब बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "आपको पता है आप क्या लिखकर लाए हैं?"

"जी."

"मुझे उस रविवार को ही शक हुआ था," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

गोदामातले दोन्ही लॉट अडवले. त्यांतल्या एकात पुन्हा काढलेल्या एक्स-रेत आणखी पोकळ्या सापडल्या. गेलेल्या मालाबद्दल वरती तार गेली. तिचं उत्तर आमच्यापर्यंत कधी आलं नाही. त्या गोळ्यांचं पुढे काय झालं, कोणाच्या हातून ते उडवले गेले, काही झालं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. लढाई दोन आठवड्यांत संपली. आपण जिंकलो. फॅक्टरीच्या फाटकावर पेढे वाटले, गुलाल उधळला. मास्तर त्या दिवशी कामावर होते. त्यांना फिल्मांवरून काढून पेट्यांवर नंबर छापायच्या शेडमध्ये पाठवलं होतं. काळ्या रंगाने माखलेले हात घेऊन ते फाटकाशी आले, पेढा घेतला आणि तो हातात तसाच धरून घरी गेले.

चौकशी महिन्याभराने झाली. तीन अधिकारी टेबलामागे, मास्तर एका कडेला खुर्चीवर, आणि मी समोर उभा. त्यांनी मला विचारलं, यांची नजर कमी झाल्याचं तुम्हाला कधी कळलं?

आईचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, माझ्याशिवाय कमावणारं घरात कोणी नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मला त्यातलं काहीच आठवलं नाही. मला फक्त भीती वाटली.

"क्लबमध्ये, साहेब," मी म्हणालो. "त्या फोटोवरून."

मास्तर खाली बघत होते. त्यांना विचारलं, काही म्हणायचंय? त्यांनी मान हलवून नाही सांगितलं.

त्यांना नजरेच्या कारणावरून वेळेआधी निवृत्त केलं. स्वतः येऊन सांगितलं म्हणून पेन्शन राहिली. त्यांची खुर्ची मला मिळाली. गोरखपुरातली खोली सोडून ते आणि काकू बरगीकडे त्या भावाच्या शेतावर राहायला गेले. क्लब त्यानंतर चालू राहिला, पण मी तिकडे फिरकलो नाही. दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा पाळी असल्याचं सांगितलं.

दोन वर्षांनी मी बरगीला गेलो. काकूंनी बघून ओळखलं, मास्तरांनी आवाजावरून. मोतीबिंदू काढूनही नजरेत फारसा फरक पडला नव्हता. अंगणात खाटेवर बसून ते हरभरा सोलत होते, बोटांनी चाचपून. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी बसायच्या आतच बोलून टाकलं, नाहीतर बोललो नसतो.

"मास्तर, चौकशीत मी खोटं बोललो."

"मले माहीत आहे. मी तिथंच बसलो होतो ना."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"दोघांची नोकरी घालवून काय करायचं होतं?" त्यांनी सोललेले दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाले, "पण तू मले सांगायला पाहिजे होतं. पावसाळ्यातच. कारखान्याले नको सांगू, क्लबले नको सांगू. मले सांगायचं. मी तुले काय मारलं असतं का?"

मी खाटेखाली पडलेली सालं गोळा करू लागलो.

"तेव्हाच सांगितलं असतं तर त्या पाच लॉटांपैकी काही तर थांबले असते," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी रोज त्याचाच विचार करतो. तूही करत असशील."

चहा झाला. काकूंनी जेवायला थांबायचा आग्रह केला. मी बसचं निमित्त सांगितलं. मास्तर माझा दंड धरून सडकेपर्यंत आले, वाटेतला दगड कुठे आहे ते मीच त्यांना सांगत होतो. बस आल्यावर त्यांनी दंड सोडला आणि म्हणाले, "येत जा."

मी हो म्हणालो. पुढच्या चार वर्षांत मी एकदाही गेलो नाही. मग काकूंच्या भावाचं कार्ड आलं, आणि ते आलं तेव्हा मास्तरांचा तेरावाही होऊन गेला होता.