मेडिकलवाल्या ताईंनी विचारलेला एक प्रश्न

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली.

आईची दाढ सकाळपासून ठणकत होती. मागे माझ्या घशासाठी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं होतं. चाकणहून शिफ्ट करून आलो आणि त्याचीच रिकामी स्ट्रिप घेऊन संत तुकाराम नगरमधल्या मेडिकलमध्ये गेलो.

"चिठ्ठी कुठंय?" काउंटरवरच्या ताईंनी विचारलं.

"आईसाठी हवंय. मला यानंच बरं वाटलं होतं."

"दादा, हे पेनिसिलिनच्या जातीचं औषध आहे. आईंना त्याचा कधी त्रास झालाय का?"

वैतागलोच, पण आईला फोन लावला.

"व्हय रं," आई म्हणाली. "तू तान्हा व्हतास तवा पेन्शिलिनचं इंजेक्शन घेतलं, तर अंगभर गांधी उठल्या. श्वासच घेता येईना."

रिकामी स्ट्रिप खिशात टाकून मी घर गाठलं.

आईला तसंच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ॲलर्जीचं ऐकून त्यांनी दुसरं औषध दिलं. आता ती मऊ भात खाऊन मालिका बघत बसलीये.

ताई, तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवलंत, पण माझी आई राखलीत. तुमचे उपकार विसरणार नाही.

आईला कोणतं औषध चालत नाही, हे मला चाळिशीत कळलं. मंडळी, तुम्ही तुमच्या आईला कधी विचारलंय?