बाईंच्या गॅरेजातला चेंडू

आर्डिस क्वाम यांच्या गाडीमागे एकदा पोलीस लागला होता. सुरुवात तिथूनच करतो, कारण ती गोष्ट सांगताना मला अजून हसू फुटतं आणि पुढचं सांगायला जरा बळ येतं.

तो पोलीस जिल्ह्यात नवा होता. त्याला दिसलं काय, तर लोण्याच्या रंगाची, साडेअठरा फूट लांब गाडी मक्याच्या शेतांमधून आरामात चालली आहे आणि स्टिअरिंगमागे कोणीच नाही. भोंगा वाजवत त्याने ती थांबवली आणि धावत ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. सीट रिकामी. पलीकडच्या खिडकीतून आवाज आला, "इकडून ये रे बाळा, मी इकडे आहे. आणि ती टोपी आधी सरळ कर."

त्याचं असं होतं की बाईंनी एकतीस वर्षं आमच्या भागातलं टपाल वाटलं. पत्रांच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. मग करायचं काय? तर आपल्या मोठ्या गाडीत पुढची सीट एकसंध असते, सोफ्यासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, मधे काही अडचण नाही. बाई उजव्या खिडकीशी बसायच्या, डावा पाय तिरका ताणून ब्रेकपर्यंत, डाव्या हाताचं एक बोट स्टिअरिंगवर, आणि उजवा हात पत्रांना मोकळा. पॉवर स्टिअरिंग असं हलकं की त्या एका बोटाने सव्वादोन टनांची गाडी गोठ्याच्या अंगणात वळायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी एकट्या असल्या की त्या उजवीकडेच सरकायच्या. फक्त लांबच्या प्रवासाला डावीकडे बसत, आणि रविवारी चर्चला जाताना, हॅट घालून.

मी त्यांना बाई म्हणतो. बाकी सगळं टॉर्प गाव आर्डिस म्हणे. पण टपालाच्या आधी, लग्नाच्याही आधी, एकोणीस वर्षांच्या असताना त्या आमच्या एका खोलीच्या शाळेत शिकवायला होत्या. आठ इयत्ता, एक शेगडी, एक बाई. माझं सगळं शिक्षण त्या खोलीतलं. खोटं बोललं की बाई मारत नसत. म्हणत, "ड्यूएन, उभा राहा." आणि फळ्याशेजारी उभं राहायचं, सगळ्यांकडे तोंड करून. त्यापेक्षा मार परवडला असता. पुढे बाईंनी लग्न केलं आणि शाळा सुटली. लग्न झालेल्या बाईला तेव्हा शाळेत ठेवत नसत.

आता गाडीबद्दल बोलू द्या, नाहीतर माझी तब्येत बिघडेल. आठ सिलिंडरचं इंजिन. जागेवर उभी असताना चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळत नसे. स्मशानाच्या फाटकाशी थांबून निघालो तर धान्याचं कोठार यायच्या आत काटा साठावर, आणि पोटातलं पाणी हलत नाही. रेल्वेचे रूळ ओलांडताना नाव लाटेवर चढून उतरावी तसं व्हायचं. वळणावर मात्र जरा विचार करायची, हे कबूल. डिकीत हिवाळ्यात वाळूची सहा पोती, म्हणजे मागची चाकं बर्फात पकड धरतात. वसंतात त्याच डिकीत बियाण्यांचे कॅटलॉग आणि मागच्या सीटवर टपालाने आलेल्या कोंबडीच्या पिल्लांचे चिवचिवणारे खोके. बॉनेटच्या टोकाला चांदीच्या रंगाचं छोटं निशाण होतं. ते रस्त्याच्या कडेच्या रेषेवर धरलं की गाडी बरोबर आपल्या जागी असते, हे बाईंनीच मला शिकवलं. पेट्रोल मात्र अशी प्यायची की पंपवाला लार्स तिला बघून खुर्चीतून उठायचा.

एवढ्या गाडीला गॅरेज होतं बाईंच्या नवऱ्याने, इंगवाल्डने, जुन्या आखूड गाड्यांच्या काळात बांधलेलं. गाडी आत गेली की पुढच्या भिंतीशी चार बोटं उरायची आणि मागे दार लागायला चार बोटं. म्हणून इंगवाल्डने छताच्या तुळईला हूक मारून दोरीने टेनिसचा एक चेंडू टांगला होता. चेंडू काचेला टेकला की थांबायचं, विषय संपला. इंगवाल्ड गेला, चेंडू राहिला. बाई आत शिरताना भिंतीकडे बघतच नसत. चेंडूकडे बघत.

तर शहाऐंशी सालचा जुलै. बाई गाडी घेऊन आठवडाभर बहिणीकडे निघाल्या आणि जाताना मला, शेजाऱ्याला, म्हणाल्या, "ड्यूएन, गारांचा इशारा आहे. तुझं ते नवं खेळणं माझ्या गॅरेजात लाव." मी तेव्हा छोटी गाडी घेतली होती, बाईंच्या डिकीत मावेल अशी. ती लावली, शिवाय मागे माझा गवत कापायचा ट्रॅक्टरही घुसवायचा होता, म्हणून गाडी आणखी पुढे घ्यावी लागली. आठवडाभर ती गाडी माझी बायको लावॉन काढणार-घालणार. तिच्या सोयीसाठी मी तुळईवरचा हूक काढला आणि दीड फूट पुढे मारला. पाच मिनिटांचं काम.

बाई यायच्या दिवशी सकाळी मी गाडी काढली, ट्रॅक्टर काढला, जमीन झाडली, तेलाचा डागसुद्धा भुसा टाकून पुसला. चेंडू विसरलो.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि शेजारी झाड पडावं तसा आवाज झाला. मी गळ्याला रुमाल तसाच ठेवून धावलो. गाडीचं नाक भिंतीच्या फळ्यांत घुसलं होतं, वरचं फडताळ कोसळलं होतं, आणि बिटाच्या लोणच्याच्या बरण्या फुटून लोण्याच्या रंगाचं ते बॉनेट लालभडक झालं होतं. बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ बसल्या होत्या.

"बाई, लागलं का?"

"लोणच्याला लागलंय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "ड्यूएन, मी ब्रेक दाबला होता रे. उशिरा दाबला असणार."

मी वर बघितलं. चेंडू काचेला छान टेकला होता. त्याच्या मागे, दीड फुटावर, तुळईत जुन्या हुकाचं भोक होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चला, लावॉनने कॉफी ठेवलीय."

इथवर विसरभोळेपणा होता. पुढचं तसं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत दुरुस्त करायच्या निमित्ताने मी गॅरेजात गेलो आणि पहिलं काम काय केलं, तर हूक जुन्या भोकात परत बसवला. नव्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली आणि तिच्यावर माती चोळली. घरी आलो तर लावॉनने विचारलं, "चेंडू तू परत जागेवर लावला होतास ना, आर्डिस यायच्या आत?" मी म्हणालो, "लावला होता." सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला माझं बोलणं तपासायची सवय नव्हती.

बाईंना मूलबाळ नाही. शनिवारी त्यांचा पुतण्या रँडल शहरातून आला. माणूस वाईट नव्हता, काळजीपोटीच आला होता. त्याने गाडी बाहेर काढली, आत घेतली, चेंडूला टेकवली आणि खाली उतरून भिंतीशी बोटं लावली.

"चार बोटं, काकू. चेंडू बरोबर आहे."

"बघ, बघ," बाई म्हणाल्या. "मोज पुन्हा."

त्याने पुन्हा मोजलं. मी हातोडी घेऊन तिथेच उभा होतो.

बाईंनी वाद घातला नाही. पुढ्यात मोजलेलं माप त्यांनी कधीच नाकारलं नव्हतं. पर्समधून किल्ल्या काढून त्यांनी रँडलच्या हातावर ठेवल्या. आमच्याकडे दुकान सात मैलांवर, डॉक्टर वीस मैलांवर, आणि बस म्हणाल तर शाळेचीच. किल्ली गेली म्हणजे माणूस खिडकीत बसला. रँडलने गाडी विकायला काढली, आणि तीन आठवड्यांनी शनिवारी एक गिऱ्हाईक यायचं ठरलं.

त्या तीन आठवड्यांत मी बाईंना कुठे कुठे नेलं! दुकानात, चर्चला, केस कापायला. गावात माझं कौतुक. "काय शेजारी मिळालाय आर्डिसला!" बाई माझ्या छोट्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "ड्यूएन, याला दार आहे की झाकण?" मग दालचिनीचे रोल करून पाठवायच्या. ते रोल मी कसे गिळले हे माझं मला माहीत.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत येत होतो. डोळे उत्तम, असं डॉक्टर म्हणाला होता. बाई खिडकीबाहेर बघत पुटपुटायला लागल्या. "सोरेन्सन. मेंट्स. थोरली ट्याडेन, धाकटी ट्याडेन. पूल. ब्रुन्स."

"हे काय, बाई?"

"माझी टपालाची फेरी. एकशेबारा पेट्या. रोज सकाळी म्हणते, प्रार्थनेच्याही आधी. एकही चुकत नाही रे. डोळे ठीक, नावं ठीक." त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, दुसऱ्याच कोणाचा असावा तसं. "मग या पायाला काय झालं? डोक्यातून निघालेलं तिथवर पोचत नाही का? तू धावत आलास ना तेव्हा. तुला काही दिसलं का माझ्यात? खरं सांग."

मी गाडी मक्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"बाई, चेंडू मी हलवला होता."

बाई माझ्याकडे वळल्या. मग शाळेतल्या आवाजात, "परत कधी लावलास?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हणजे रँडल मोजत होता तेव्हा..."

"मी तिथे होतो."

"हातोडी घेऊन." बाईंनी मान हलवली. "आठवतंय मला. हातोडी होती." भिंतीबद्दल, गाडीबद्दल एक शब्द नाही. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे, ड्यूएन. रोज सकाळी उठून मी आधी स्वतःला तपासत होते." आणि दार उघडून उतरल्या. उरलेला पाऊण मैल त्या पुढे चालत होत्या आणि मी मागे गाडी रांगवत होतो. त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.

रविवारी चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते, तेव्हा त्यांनी चमचा कपावर वाजवला. "ड्यूएन, उभा राहा."

अठ्ठावन्न वर्षांचा मी उभा राहिलो, सगळ्यांकडे तोंड करून. हूक, भोक, खुंटी, माती, सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. लार्स पंपवाल्याने एवढंच म्हटलं, "माती पण चोळलीस?" लावॉन उठून भांडी घासायला गेली. तिला माझ्याशी बोलायला गुरुवार उजाडला.

किल्ल्या परत आल्या. गिऱ्हाईक शनिवारीच आल्या पावली गेलं होतं. बाईंनी कात्रीने दोरी कापली आणि चेंडू माझ्या हातात दिला. "आता चेंडू तू."

म्हणजे काय, तर बाई घरी आल्या की हॉर्न वाजायचा, लांब एक, आखूड एक. मी असेन तसा निघायचो. तोंडात घास असो, पायात सपाता असोत. गॅरेजाच्या पुढच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, हात वर करून उभं राहायचं. ते लांबलचक नाक माझ्या शेजारी यायचं आणि मी पंजा दाखवला की भिंतीपासून चार बोटांवर थांबायचं. सहा वर्षं. लोक म्हणत, आर्डिसने तुला चांगलाच जुंपलाय. मला ते बरं वाटायचं. त्या दीड फुटांचा माझ्यावरचा भार जरा जरा कमी होतो आहे असं वाटायचं.

ब्याण्णवचा ऑक्टोबर. हॉर्न वाजला, मी उभा राहिलो, हात वर केला. गाडी सावकाश आत आली आणि मी पंजा दाखवायच्या आधीच थांबली. खूप आधी. मागचा भाग दाराबाहेर. काचेतून बाई पुढे वाकून माझ्याकडे बघत होत्या, पण माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे.

"बरोबर आलं का?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. नंतर मीच गाडी पुढे घेऊन दार लावलं असतं. दुसऱ्या दिवशीही घेतली असती. गाडी त्यांची, दिवस त्यांचे, आणि पूर्वी एकदा मी त्यांना जे खरं सांगितलं नव्हतं ते आता सांगायचं म्हणजे हे असं.

"नाही, बाई. चार फूट अलीकडे थांबलात."

"नक्की?"

"नक्की."

"हात वर होता तुझा?"

"होता."

त्यांनी इंजिन बंद केलं. बॉनेटवर हात टेकत टेकत माझ्यापर्यंत आल्या, माझा पंजा शोधला आणि त्यात किल्ल्या ठेवून त्याची मूठ मिटली.

"या वेळी मी मोजणार नाही," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस ना, बस."

मला म्हणायचं होतं, थांबा, मीच चुकीच्या जागी उभा असेन. पण मी बरोबर जागी होतो. माझी पाठ भिंतीला टेकली होती.