रविवारचं यान आणि कुसुमची खुर्ची

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या चार बायका एकत्र बसल्या की किस्से आवरत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देता देता आमचं बोलायचं राहून जातं, ते साठतं! त्यातले हे टीव्हीवरच्या त्या यानाचे.

आमचं एक्स्चेंज निपाणीजवळच्या एका लहान गावातलं. एक खोली, एक बोर्ड, एक खुर्ची. कुणी फोन उचलला की बोर्डावर त्याच्या नंबरची झापडी पडायची. आपण वायर खुपसायची, कळ खाली करायची, "नंबर प्लीज" म्हणायचं. ऐंशी साल उलटून गेलं, गावात टीव्ही आले, तरी आमचं हेच.

आणि दर रविवारी सकाळी टीव्हीवर ते हिंदी कार्टून. दोन वेण्यांची एक कॅप्टन यान घेऊन आकाशात फिरते आणि सगळ्या ग्रहांनी आपल्यापुढं वाकावं म्हणून एक सम्राट तिच्या मागं लागलेला. बघणाऱ्या आम्ही कोण? चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लागलेल्या बायका!

*

माझी लेक कॉलेजात. ती म्हणायची, "आई, कार्टून लहान पोरांसाठी असतंय गं!"

"मग तू हितं काय करतीस? जा, अभ्यास कर!"

एकदा लढाई ऐन रंगात आलेली आणि आतून आमचे हे ओरडले, "अगं, काहीतरी जळतंय!"

मी जागची हलले नाही. म्हटलं, "जळू दे, शत्रूचंच हाय!"

बटाट्याची भाजी होती.

*

शेवटून दुसऱ्या भागात सम्राटाच्या यानांनी कॅप्टनला चारी बाजूंनी घेरलं. इंजिन बंद. सम्राट म्हणाला, "झुक!" आणि भाग संपला! आता पुढच्या रविवारपर्यंत जीव टांगणीला.

सोमवारी आमच्याकडं पाणी भरायला येणाऱ्या शांतामावशी म्हणाल्या, "देवीला नारळ बोललोय. पोरगी सुटू दे म्हटलं."

मी शहाणपणा केला, "मावशी, ती नुसती चित्रं हायत!"

"मग? आमच्या घरातली देवीबी कॅलेंडरवरचीच हाय!"

पुन्हा मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

*

त्याच आठवड्यात गिरणीवाल्या आप्पांनी बेळगावला ट्रंक कॉल लावला. तिथं अनगोळ भागात त्यांचे जावई राहतात. लाईन नीट लागली का बघायला आम्हाला थोडं ऐकावं लागतं. (थोडंच!)

"जावईबापू, झुकंल का वो ती?"

"न्हाय आप्पा! झुकली तर टीव्ही फोडतो!"

पूर्ण तीन मिनिटं हेच. फोन ठेवला आणि लगेच आप्पांची झापडी परत पडली.

"बाई, परत जोड गं! लेकीला काय झालं, पोरगा का पोरगी, ते इचारायचंच राहिलं की!"

*

आमचे सुपरवायझर हिरेमठ साहेब. माणूस कडक, आणि चिडला की कानडीत जाणारा. रविवारी सकाळी बोर्डावर कुणी जागेवर नसतं, अशी तक्रार त्यांच्या कानावर गेली. तक्रार खोटी नव्हती. समोरच्या तंबाखूवाल्या आण्णांच्या घरी टीव्ही होता आणि आमचा पाय तिकडं वळायचा.

साहेबांनी फर्मान काढलं. "येत्या रविवारी ड्युटी कुसुमची. बदली चालणार नाही. मी घरून फोन करून बघणार. खुर्ची रिकामी निघाली तर पर्मनंट विसरायचं!"

कुसुम आमच्यातली सगळ्यात लहान, अजून पर्मनंट व्हायची होती. तिच्या आईचा जन्म तंबाखूच्या वखारीत वाकून गेला. घरातली खुर्चीवर बसणारी पहिली बाई कुसुम. मला वाटलं पोरगी आता रडते.

ती म्हणाली, "आक्का, मी खुर्ची सोडत न्हाय. आन् कॅप्टनलाबी सोडत न्हाय."

*

रविवारी, शेवटच्या भागाला, मी आण्णांच्या घरी गेले. त्यांचा फोन टीव्हीच्या शेजारीच होता. मी रिसीव्हर कानाला लावून त्याचं बोलायचं टोक टीव्हीकडं धरलं आणि तिकडं बोर्डावर कुसुम हेडफोन लावून ऐकायला लागली. शिवाय माझी कॉमेंट्री होतीच, "आता ती उठली... आता वळली..."

"आक्का, तुम्ही गप बसा की! टीव्हीला बोलू द्या!"

तेवढ्यात बोर्डावर दुसरी झापडी पडली. कुसुमनं वायर खुपसली, कळ खाली केली आणि ऐकायच्या नादात आमची कळ वर करायला विसरली. दोन कळा खाली राहिल्या की सगळ्यांना सगळं ऐकू येतं!

ते आप्पा होते. लाईट गेली म्हणून वीज ऑफिस मागत होते. कानात सम्राट गरजला तसे म्हणाले, "ऱ्हाऊ दे वीज ऑफिस! हेच ठेव!"

लाईट अर्ध्या गावात गेली होती. झापड्या पडत गेल्या, कुसुम वायरी खुपसत गेली, आणि आता एकही कळ वर करू द्यायला कुणी तयार नव्हतं. माझ्या कानात अर्धा गाव श्वास रोखून बसलेला!

सम्राट म्हणाला, "आखरी मौका! झुक जाओ!"

आणि लाईनवर हिरेमठ साहेब!

"कुसुम! एनिदु? काय चाललंय? सगळ्या वायरी काढ! आत्ताच्या आत्ता!"

गेली पोरीची नोकरी!

कुसुमचा आवाज मात्र रोजच्यासारखा, "साहेब, बोलणं संपल्याबिगर लाईन तोडायची न्हाय, आधी इचारायचं, असा तुम्हीच नियम शिकवलाय. इचारते." आणि तिनं सगळ्यांना मिळून विचारलं, "हॅलो, झालं का?"

"न्हाय!" अर्धा गाव ओरडला. कोपऱ्यावरचा कानडी मास्तर तेच त्याच्या भाषेत, "इल्ला!" म्हणाला.

"साहेब, त्यांचं न्हाय झालं. तुमचं झालं का?"

टीव्हीवर कॅप्टननं यानाचं तोंड सम्राटाकडं वळवलं. बंद पडलेलं इंजिन एकदा खोकलं. मग घरघरलं.

"साहेब, झालं का?"

"इल्ला," साहेब म्हणाले.