कोपरानं पाहिलेलं पाणी

नातीच्या आंघोळीसाठी सुनेनं थर्मामीटर पुढे केला. मी तो बाजूला ठेवला, पाण्यात कोपर बुडवलं, आणि उमरेड रोडवरच्या आमच्या गावातली ती गारठलेली सकाळ आठवली.

आई दवाखान्यात सुईण होती. पाटलांचं नुकतं जन्मलेलं वासरू ओल्या अंगानं रात्रभर उघड्यावर राहिलं होतं. ढोरांचा डॉक्टर नागपूरला गेलेला, म्हणून पाटलांनी आईला बोलावलं. वासराचे कान थंडीनं लाकडासारखे कडक झाले होते. पाटील ते चोळायला लागले.

“चोळू नका जी, कातडं निघून येते. कोमट पाणी आणा.”

पाटलीणबाईंनी पितळी गंगाळ आणलं, पण आईजवळ येताच त्या थबकल्या. आमच्या लोकांनी शिवलेलं भांडं त्या घरात चालत नसे.

“पाणी पाह्यल्याबिगर मी लेकराले लावत नाही,” आई म्हणाली आणि तिनं कोपर सरळ गंगाळात बुडवलं. मग कपडा भिजवून कान मऊ होईपर्यंत शेकत बसली.

वासरू जगलं. एका कानाचं टोक तेवढं झडलं.

पुढं पाटलांच्या घरी नातू झाला. त्याच्या पहिल्या आंघोळीला पाटलीणबाई तेच गंगाळ घेऊन आईपुढे उभ्या राहिल्या.

“पाहून घ्या बाई, बरोबर हाये का?”