हँडलला घातलेला हार

"मुलांकडून करून घ्यावं लागतं हो," असं म्हणत सर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवत आणि पोटावर ठेवत. करून घेणं हे त्यांचं काम आणि करणं हे बाकी सगळ्यांचं, ही वाटणी त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी केली असावी. तुम्हीही कॉलेजात असा एखादा प्रोजेक्ट गाइड पाहिला असेल. नसेल, तर तुम्ही कॉमर्सला असाल.

मी त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकवत असे. शेवटच्या वर्षाची मुलं आमच्याकडे प्रोजेक्ट बनवत आणि गाइडने अधूनमधून येऊन पाहावं, अशी अपेक्षा असे. सर वर्षातून दोनदा येत. दारातच उभे राहत, कारण आत लोखंडाचा कीस उडतो आणि त्यांची पँट कडक इस्त्रीची. तिथूनच विचारत, काय, चाललंय ना? उत्तर ऐकायला ते थांबल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी त्यांच्या वाट्याला प्रज्ञा आणि ओंकार आले. प्रज्ञा येरवड्याहून बसने वेळेवर यायची, ओंकार शनिवार पेठेतून उशिरा. दोघांनी बॅटरीवर चालणारी एक गाडी करायला घेतली होती. शेजारी-शेजारी दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी, पुढे हँडलचा दांडा. टेकू नाही, स्टँड नाही. गाडी आपला तोल आपणच सांभाळणार. माणूस पुढे झुकला की पुढे जायचं, मागे झुकला की थांबायचं. सांगाडा ओंकारने माझ्याकडून शिकून जोडला. तोल राखणारा प्रोग्राम एकट्या प्रज्ञाचा. सात महिने ती गाडी रोज तोंडावर आपटत होती आणि ही पोरगी मांडीवर लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसत होती. एका दुपारी गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. प्रज्ञाने लॅपटॉप मिटला. ओंकार म्हणाला, "चला, आता सर येतील."

आले की. पेटंटचा अर्ज घेऊनच आले. शोधकर्ता म्हणून पहिलं नाव सरांचं, दुसरं विभागप्रमुखांचं. तिसरं नव्हतं. मुलांचं काय, असं मी विचारलं, तर शेवटी त्यांचे आभार मानू की, म्हणाले. प्रज्ञाने ते ऐकलं. गाडीवर आपलं नाव लागणार, असं ती घरी सांगून बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी गप्प बसलो. वर्कशॉपच्या माणसाने प्राध्यापकाला शिकवायचं नसतं, असा आमच्याकडे रिवाज आहे.

प्रात्यक्षिकाला बाहेरून एक पाहुणे बोलावले होते, कुठल्याशा कारखान्यातले मोठे इंजिनिअर. अर्ज पुढे पाठवायचा की नाही, हे त्यांच्या मतावर ठरणार होतं. सर सकाळीच मंडईतून झेंडूचा हार घेऊन आले. नव्या गाडीची पूजा करायचीच. शोरूममधली स्कूटरसुद्धा आपण लिंबू चिरडल्याशिवाय रस्त्यावर आणत नाही. गाडी चालू असताना हँडलला काही अडकवू नका, असं प्रज्ञाने आधी सांगून ठेवलं होतं. विद्यार्थिनीचं बोलणं म्हणून सरांनी ते सोडून दिलं. चालू गाडीला कुंकू लावलं, मनगटाएवढा जाड हार हँडलला घातला आणि फोटोसाठी शेजारी उभे राहिले.

गाडी निघाली. आधी हळू, मग चालत्या माणसाच्या वेगाने, मग त्याहूनही जोरात. सर "अहो, अहो" करत मागे. गाडीलाही ते अहोच म्हणाले. पाहुण्यांच्या टेबलावर आदळून ती आडवी झाली आणि चहा पाहुण्यांच्या बाहीवर गेला. इतक्या वर्षांत सरांना धावताना मी प्रथमच पाहत होतो आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

"मुलांचं काहीतरी चुकलंय," सर धापा टाकत म्हणाले.

पाहुण्यांनी बाही पुसली, अर्जावरचं पहिलं नाव वाचलं आणि काय चुकलं ते सरांनाच विचारलं. सर विभागप्रमुखांकडे पाहू लागले, विभागप्रमुख छताकडे. शेवटी प्रज्ञाच बोलली.

"काही चुकलं नाही, सर. हाराचं वजन पुढे पडलं. तिला वाटलं आपण पडतोय, म्हणून तोल सावरायला ती पुढे धावली. तिने बरोबर केलं."

पाहुण्यांनी अर्ज सरांना परत दिला. नावं तपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा द्या, एवढंच म्हणाले. विभागप्रमुखांनी जाता जाता माझ्यादेखत सरांना बजावलं, की मुलांची नावं हवी तर खाली घाला, वरची दोन हलवू नका.

चारच्या सुमारास सर वर्कशॉपमध्ये येऊन माझ्या स्टुलावर बसले. गाडी कशी उभी राहते ते मला पहिल्यापासून सांग, असं प्रज्ञाला म्हणाले. ती तासभर सांगत होती, फरशीवर खडूने आकृत्या काढत होती. सर मध्येच प्रश्न विचारत होते आणि ते प्रश्न चांगले होते, हे कबूल करायला हवं. या माणसाला एके काळी हे सगळं येत होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग आला.

मग त्यांनी अर्ज काढला आणि विभागप्रमुखांचं नाव खोडलं. पुढे काय होणार हे त्यांना माहीत होतं. तसंच झालं, निवृत्त होईपर्यंत त्यांना एकही प्रोजेक्ट मिळाला नाही, पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग तेवढं शिकवायला दिलं. आपल्या नावाच्या वर, मोकळ्या जागेत त्यांनी प्रज्ञाचं नाव लिहिलं, तिला विचारून, वडिलांच्या नावासकट पूर्ण. त्याखाली ओंकारचं. मग पेन त्यांच्या स्वतःच्या नावावर आलं आणि तिथेच थांबलं.

"माझं राहू दे का गं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो असतो. आजही म्हणेन.

"राहू द्या, सर," प्रज्ञा म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि रुमाल काढून डोळ्यांना लावला. मला ते पाहवेना. मी वेल्डिंगचा काळा चष्मा चढवला आणि काही काम नसताना एक पट्टी जोडायला घेतली.